युगोस्लाव्हियाची लष्करी पदकं जमवताय? आधी पाठ बघा, मग भाव विचारा

माझं पहिलं युगोस्लाव पदक मी लुब्लियानात, म्हणजे आधी युगोस्लाव्हियात असलेल्या स्लोव्हेनियाच्या राजधानीत घेतलं. ऑफिसच्या कामाला गेलो होतो, रविवार मोकळा होता, आणि तिथे दर रविवारी नदीकाठी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. एका आजोबांच्या टेबलावर चमचे, बंद पडलेली घड्याळं, टिटोचे फोटो, तितोव्का म्हणजे पार्टिझनांच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या टिटोच्या गनिमी सैनिकांच्या, त्या टोप्या, असा सगळा पसारा आणि त्यात एक लाल तारा. मी उचलला आणि समोरून निरखत बसलो. आजोबांनी काही न बोलता तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि परत तळहातावर ठेवला. मागे एक स्क्रू, त्यावर गोल चकती आणि खाली एक नंबर. मला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण या छंदातला अर्धा धडा त्यांनी तिथेच फुकटात दिला होता. पुढून सगळे तारे सारखेच दिसतात हो, पैसे असतात ते पाठीवर.

आपल्याकडे हा छंद करणारे मोजकेच, बहुतेक जण नाणी-तिकिटांकडून इकडे येतात. लोक विचारतात की अरे युगोस्लाव्हियाच का. तर नेहरू-टिटो-नासर हे त्रिकूट शाळेत पाठ केलेलं असतं, अलिप्त देशांची पहिली परिषद १९६१ ला बेलग्रेडमध्ये झाली, दिल्लीत टिटोच्या नावाचा रस्ता आहे, आणि देश फुटत होता तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या तिथल्या फौजेचे पहिले प्रमुख होते ले. जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण म्हणजे माल अजून परवडतो, प्रकार भरपूर आहेत आणि थोडा अभ्यास केला की विकणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त कळायला लागतं, असं आता फार कमी छंदांत उरलंय.

आधी कुठला युगोस्लाव्हिया ते ठरवा

युगोस्लाव्हिया एक नव्हता. १९४१ पर्यंतचा राजेशाहीचा, मग टिटोचा समाजवादी, आणि १९९२ नंतर सर्बिया-माँटेनेग्रो मिळून उरलेला छोटा, जो २००३ पर्यंत त्याच नावाने चालला. तिघांची पदकं वेगळी, गिऱ्हाईक वेगळं आणि भावाची पट्टीही वेगळी.

राजेशाहीतलं, म्हणजे काराजॉर्जचा तारा, श्वेत गरुड, संत सावा वगैरे, त्यातल्या बऱ्याचशा सर्बियाच्याच जुन्या ऑर्डर, म्हणजे मोठे सन्मान, आहेत ज्या पुढे युगोस्लाव्हियाने चालू ठेवल्या. पॅरिस, व्हिएन्ना, स्वित्झर्लंड अशा ठिकाणच्या नामांकित कारखान्यांत बनलेल्या, कारागिरी बघाल तर वेड लागेल. काराजॉर्जचा तारा आणि श्वेत गरुड यांना तलवारी असतील तर ते युद्धातल्या कामगिरीचं, तलवारी नसतील तर मुलकी, आणि तलवारवाल्याला भाव जास्त. संत सावा मुलकीच मानायची, निकोला टेस्लालाही मिळाली होती. पण नवख्याने इथून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एक चूक झाली की महिन्याचा पगार गेला. शिवाय काराजॉर्जचा तारा आजच्या सर्बियाने पुन्हा सुरू केलाय, त्यामुळे नवा नग जुना म्हणून गळ्यात पडू शकतो.

आणखी एक सावधगिरी. १९४१ ते १९४५ मध्ये क्रोएशियात जे नाझींच्या पाठबळावरचं राज्य होतं त्याची पदकंही याच टेबलांवर मिसळलेली असतात. नकलांचा सुळसुळाट तिथे सगळ्यात जास्त. मी त्या वाटेला जातच नाही, पैशासाठी नाही आणि इतर कारणांसाठीही नाही.

म्हणून या लेखात मुख्यतः टिटोच्या काळातली लष्करी पदकं.

घराणं समजून घ्या, १५ ऑगस्ट १९४३ पासून

तारीख आपल्याला लक्षात ठेवायला सोपी. १५ ऑगस्ट १९४३ ला, युद्ध ऐन भरात असताना, पार्टिझनांच्या सर्वोच्च मुख्यालयाने पहिल्या पदकांचा हुकूम काढला. राष्ट्रवीर, पार्टिझन तारा, राष्ट्रमुक्ती, बंधुता आणि एकता, शौर्यासाठीची ऑर्डर आणि शौर्यपदक. डिझाइनच्या कामात जॉर्जे आंद्रेयेविच कुन हा चित्रकार आणि आंतुन आउगुस्तिन्चिच हा शिल्पकार, दोघं नावाजलेले. त्यामुळे ही पदकं दिसायलाही घाईत उरकल्यासारखी नाहीत.

तिकडच्या भाषेत दोन शब्द पक्के करा. ऑर्डेन आणि मेडाल्या. ऑर्डेन म्हणजे मोठा सन्मान, बहुतेक वेळा तीन श्रेणींचा, थेट छातीवर लावायचा. मेडाल्या म्हणजे रिबनला लटकणारं साधं पदक. तिसरा शब्द स्पोमेनित्सा, म्हणजे आठवणीदाखल दिलेलं. १९४१ ची पार्टिझन स्पोमेनित्सा ही युद्धाच्या पहिल्या वर्षापासून लढ्यात असलेल्यांना मिळाली, सुमारे २७ हजार जणांना, आणि या लोकांना तिकडे प्र्वोबोरात्स म्हणजे पहिल्या फळीतले लढवय्ये म्हणत आणि त्यांना मोठा मान होता. इतिहास हवा आणि खिसाही सांभाळायचाय अशांसाठी ही फार चांगली वस्तू.

१९४५ मध्ये लोकसेवेची ऑर्डर आली, १९५१ मध्ये सैन्यासाठी खास तीन आल्या, युद्धध्वज, लोकसेना आणि लष्करी सेवेची ऑर्डर. १९५४ मध्ये आली युगोस्लाव महातारा, ती राष्ट्रप्रमुखांसाठी. इथिओपियाचे हैले सेलासी, जपानचे हिरोहितो, इंग्लंडची राणी, अशी तिची यादी.

यात बाजार कसा चालतो ते मी आकड्यांच्या लांबीने सांगतो, कारण नेमका भाव लिहिला तर सहा महिन्यांत शिळा होतो. सैन्याच्या वाढदिवसांची पदकं म्हणजे १९५१ ची दहा वर्षांची, मग वीस, तीस, चाळीस अशी निघत गेलेली, ती दोन आकडी युरोत आणि त्यातही खालच्या टोकाला मिळतात. शौर्यपदक आणि लोकसेवेचं पदक पण दोन आकडीच. लष्करी सेवेची आणि लोकसेवेची खालची श्रेणी, शौर्याची ऑर्डर हे दोन आकड्यांच्या वरच्या भागात घुटमळतात. पार्टिझन तारा तिसऱ्या श्रेणीचा असेल तर दोन आणि तीन आकड्यांच्या सीमेवर, पण तोच मॉस्कोत बनलेला असेल तर सरळ तीन आकडी. पहिली श्रेणी, सोनेरी हारवाली, तीन आकड्यांत वर. राष्ट्रवीर चार आकडी, कारण एकूण दिल्या गेल्या तेराशेच्या थोड्या वर आणि त्यातल्या खूपशा मरणोत्तर, म्हणजे घराघरांत जपलेल्या. महातारा आपण म्युझियममध्येच बघावा.

माझा सल्ला विचाराल तर सुरुवात वाढदिवसाच्या पदकांनी करा. स्वस्त आहेत, नकली फारशी कोण बनवणार, आणि हाताला खऱ्या वस्तूची सवय होते. एक मजा बघा, पन्नास वर्षांचं पदक १९९१ चं आहे. ज्या वर्षी सैन्याची पन्नाशी त्याच वर्षी देश फुटायला लागला. माझ्याकडे ते बॉक्ससकट आहे, कधी कोणी छातीवर लावलंय असं वाटतच नाही.

पाठ कशी वाचायची

आता मुद्द्याचं. समजा तुमच्या हातात पार्टिझन तारा तिसरी श्रेणी आहे, लाल मीना (एनॅमल) केलेला तारा आणि बंदुका. भिंग घ्या, दहापटीचं पुरे, दिवा एका बाजूने लावा आणि उलटा करा.

पहिलं बघायचं, कुठे बनलाय. सुरुवातीचा माल सोव्हिएत युनियनमध्ये बनला, मॉस्कोच्या टांकसाळीत. त्यावर रशियन अक्षरांत मोनेत्नी द्वोर असं येतं, म्हणजे टांकसाळच. मग काम झाग्रेबकडे आलं, तिथल्या इकॉम कारखान्याचा शिक्का, आणि बेलग्रेडच्या नोटा छापणाऱ्या कारखान्याचा, ज्याला झिन म्हणतात. १९४८ मध्ये टिटो आणि स्टालिन यांचं फाटलं, त्यानंतर मॉस्कोचा प्रश्नच मिटला. म्हणजे मॉस्कोच्या मालाला चार-पाच वर्षांचीच खिडकी मिळाली आणि तो घेणारे दोन्हीकडचे, युगोस्लाव जमवणारे आणि सोव्हिएत जमवणारेही. भाव दुप्पट-तिप्पट होतो तो इथे.

दुसरं, लावायची सोय. स्क्रू आणि चकती ही सोव्हिएत पद्धत, साधारणपणे जुन्या मालाला. पिन साधारणपणे नंतरची. साधारणपणे म्हणतोय हे लक्षात ठेवा, फक्त स्क्रू आहे म्हणून मॉस्कोचा असं ठरवलंत की फसलात. स्क्रूचे आटे बघा. खऱ्या जुन्या स्क्रूवर चकती सत्तर वर्षं फिरलेली असते, आटे टोकाला जरा बुजलेले असतात, आणि चकतीने पाठीवर गोल पुसट वर्तुळ कोरलेलं असतं. पाठ कोरी करकरीत आणि पुढची बाजू झिजलेली असं कधीच नसतं, कारण अंगरख्यावर घासते ती पाठच. चकती बदललेलीही पुष्कळदा असते कारण ती हरवते, त्याने नग खोटा ठरत नाही पण भाव उतरतो.

तिसरं, नंबर. ऑर्डेनवर बहुतेक वेळा असतो, मेडाल्यावर नसतो. आकडे हाताने ठोकलेले किंवा कोरलेले असतील तर एखादा आकडा जरा वर, एखादा खोल, कडेला धातू किंचित उठलेला दिसतो. लेझरने केलेला नंबर सगळा एकाच खोलीचा, तळाशी बारीक रेघा. आणि खोडून पुन्हा टाकलेला असेल तर नंबराच्या भोवती पाठ थोडी खोलगट झालेली असते, नग डोळ्याच्या पातळीला आडवा धरून बघितलं की कळतं. लहान नंबराला भाव असतो, म्हणून हे उद्योग होतात.

चौथं, जिथे राजचिन्ह असेल तिथे मशाली मोजा. युद्धानंतरच्या चिन्हात पाच मशाली, १९६३ ला देशाचं नाव बदललं तेव्हा सहा झाल्या. बॉक्सवर, कागदावर, शिक्क्यात हे चिन्ह असतंच. १९४७ ची तारीख टाकलेल्या कागदावर सहा मशाली असतील तर नमस्कार करून उठायचं. ही एक खूण तुम्हाला अर्ध्या मिनिटात वर्षानुवर्षांचा अनुभव असल्यासारखं दाखवते.

कागद आणि कुतिया

बॉक्सला तिकडे कुतिया म्हणतात. हसून घ्या एकदा, आणि मग ऑनलाइन शोधताना हाच शब्द टाका, कारण कुतिया आणि उकाझ असे दोन शब्द वर्णनात असले की तो सेट बघण्यालायक असतो. उकाझ म्हणजे पदक देण्याचा हुकूम. त्याच्यासोबत पुस्तिका किंवा प्रशस्तिपत्र, त्यात माणसाचं नाव, हुकमाचा नंबर आणि तारीख. छातीवर रोज लावायच्या छोट्या पट्टीला झामेनित्सा म्हणतात, ती असेल तर उत्तम.

एकाच पदकाची कागदासकट आणि कागदाशिवाय किंमत यांत फरक पडतो, आणि हा फरक दरवर्षी वाढतोय असा माझा अनुभव. कारण साधं आहे, सुट्या पदकांचा साठा भरपूर आहे, काही तर कोणाला दिलीच न गेलेली गोदामातली आहेत, एकदम चकचकीत. पण एका माणसाचं, एका तुकडीतलं, हुकमाच्या नंबरासकट असलेलं पदक जगात एकच. त्यामुळे दोन आकडी पदकाला कागदामुळे तीन आकडी भाव आलेला मी बघितलाय. माझा नियम असा की पैसे कागदाचे द्यायचे आणि पदक सोबत आलं असं समजायचं.

कागद तपासताना भाषा बघा. सर्बिया, मॅसेडोनियाकडचे बहुधा सिरिलिकमध्ये, क्रोएशिया-स्लोव्हेनियाकडचे रोमन लिपीत, त्यातही स्लोव्हेनियन वेगळी. नंबर कागदावर आणि नगावर एकच आहे का, शाई शिक्क्याच्या वर आहे की खाली, घड्या जुन्या आहेत का. आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च, दोन-चारशे रुपयांचा, नोटा तपासायला मिळतो तो. कागद आणि कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून जे रसायन घालतात ते दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आलं. १९४५ चा कागद किंवा रिबन त्या उजेडात निळीशार चमकली तर समजा की ती नंतरची आहे. रिबन बदललेली असू शकते, तो गुन्हा नाही, पण कागद चमकला तर विषय संपला.

मी कसा फसलो ते

दुसऱ्याच वर्षी अतिशहाणपणा सुचला. ऑनलाइन एक तारा दिसला, मॉस्कोचा शिक्का, लहान नंबर, विकणारा म्हणे आजोबांचा आहे. १४० युरो दिले. आला तेव्हा हातात घेतल्याबरोबर काहीतरी खटकलं पण मन मानत नव्हतं, दोन दिवस मी स्वतःलाच समजावत होतो की एनॅमल असं पण असतं. मग बायकोने विचारलं की हा प्लास्टिकचा का वाटतोय. संपलं.

खरा मीना म्हणजे काच असते, भट्टीत वितळवून बसवलेली. ओठाला किंवा गालाला लावली तर गार लागते, दातावर अगदी हळू टेकवली तर टक् असा आवाज येतो, आणि फुटली तर काचेसारखी टवका उडून फुटते. नकलीत रंगीत रेझिन असतं. ते कोमट लागतं, सुईने कोपऱ्यात दाबलं तर खड्डा पडतो (हे विकत घेतल्यावरच करा, दुकानात नको), आणि कडेला धातूवर किंचित ओघळलेलं असतं. माझ्या ताऱ्यात तो ओघळ स्पष्ट दिसत होता. शिवाय ताऱ्याच्या किरणांमधल्या खाचांत बारीक पुटकुळ्या होत्या. ठसा मारून बनवलेल्या पदकाच्या खाचा स्वच्छ आणि धारदार असतात, ओतीव नकलेत बुडबुड्यांच्या खुणा राहतात आणि खऱ्यावरून साचा घेतल्यामुळे माप किंचित लहान भरतं. म्हणून डिजिटल कॅलिपर आणि दागिन्यांचा वजनकाटा, ०.०१ ग्रॅमवाला, हे दोन्ही आधी घ्या, पदकं नंतर. ज्या प्रकाराच्या मागे आहात त्याच्या खात्रीच्या चार नगांचं माप-वजन वहीत उतरवा आणि पाचवा त्याच्याशी ताडा.

राष्ट्रवीरच्या नकला तर उघडपणे कोपिया म्हणून विकतात, त्यात काही वाईट नाही. वाईट तेव्हा होतं जेव्हा दुसरा माणूस ती कोपिया विकत घेऊन तो शब्द गाळून पुढे विकतो. वर्णनात ओरिगिनाल हा शब्द नसेल तर विचारून लेखी घ्या. परतीची हमी न देणाऱ्याकडून शंभर युरोवरचं काही घेऊ नका, हे १४० युरो भरून शिकलोय.

आणखी एक फसवणूक असते ज्यात नकली काहीच नसतं. पाच खरी सुटी पदकं एका पट्टीवर लावायची, एक जुना फोटो ठेवायचा आणि एका योद्ध्याचा संपूर्ण संच म्हणून दुप्पट भावाला विकायची. नावानिशी कागद नसेल तर संचाची किंमत सुट्या नगांच्या बेरजेपेक्षा पैसाही जास्त देऊ नका.

भाव का हलतात

१९९१ च्या आधी ही पदकं विकायला काढणं म्हणजे घराण्याची अब्रू विकणं. मग युद्ध झालं, आणि १९९३ मध्ये तर महागाई अशी की बेलग्रेडने ५०० अब्ज दिनारची नोट काढली. पेन्शनमध्ये ब्रेड येत नव्हता. म्हाताऱ्या माणसांनी पदकं काढून जर्मन मार्कात जे येईल त्याला दिली. शिवाय क्रोएशियासारख्या नव्या देशांत टिटोचा तारा घरात दिसणंही काही जणांना नकोसं झालं होतं. पुरवठ्याचा पूर आणि गिऱ्हाईक फक्त परदेशी व्यापारी, भाव मातीमोल. आज जर्मनी-ऑस्ट्रियातून जो माल परत बाजारात येतो त्यातला बराच तेव्हा गेलेला.

मग इंटरनेट आलं आणि दोन गोष्टी एकदम झाल्या. परदेशी गेलेल्या युगोस्लावांची पुढची पिढी, हातात पैसे, मनात आजोबा, घ्यायला लागली. आणि त्याच वेळी लोकांना कळलं की आपण जे दुर्मिळ समजत होतो ते हजारोंनी दिलं गेलं होतं. म्हणून वरचा माल चढला आणि खालचा जागच्या जागी राहिला. हे अजून चालूच आहे, दोन आकडी पदक दहा वर्षांनी पण बहुधा दोन आकडीच असतं, त्यात गुंतवणूक वगैरे शोधू नका. सैनिकांची पिढी गेली, घरं रिकामी होतायत, त्यामुळे पुरवठा अजून येतोय, पण चांगले कागदवाले संच एकदा पक्क्या संग्रहात गेले की वीस वर्षं बाहेर येत नाहीत.

चांदीचा पण परिणाम असतो. सगळी पदकं चांदीची नाहीत, पण जी आहेत त्यांना खालून एक आधार मिळतो. समजा ३५ ग्रॅमचा नग, ९२५ शुद्धता, म्हणजे चांदी ३२.४ ग्रॅम, एका ट्रॉय औंसाला ३१.१ ग्रॅम लागतात तेव्हा औंसाला जरा वर. २०२५ मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या वर गेली, म्हणजे या नगाची नुसती चांदीच ५२ डॉलरच्या आसपास. चांदी अशी चढली की स्वस्त नग कोणीतरी वितळवतो, विकणारा भाव वाढवतो, आणि नवख्याला वाटतं मागणी वाढली. मागणी तेवढीच असते.

आणि आपला रुपया. २०१६ ला युरो ७५ च्या आसपास होता, २०२५ मध्ये शंभरी पार झाली. ८० युरोचं पदक तेव्हा ६ हजाराला पडलं, २०२५ मध्ये ८ हजाराला, आणि तिकडे भाव एक पैसाही वाढलेला नाही. कोणी म्हणालं माझं कलेक्शन तेहतीस टक्के वाढलं तर आधी विचारा कुठल्या चलनात.

स्वतःची भाववही

छापील कॅटलॉग ओळखायला घ्या, भावासाठी नको. भावासाठी वही करा, एक्सेल चालेल. ईबेवर विकून झालेल्या वस्तूंचा फिल्टर असतो तोच लावायचा, मागितलेल्या भावाला काही अर्थ नाही, मागायला काय जातं. सर्बियातल्या लिमुंडो आणि कुपिंदो या साइटवर स्थानिक भाव कळतात आणि तो बराचदा जर्मन लिलावापेक्षा कमी असतो. प्रत्येक नोंदीत तारीख, प्रकार, कुठली बनावट, कागद आहे का, मीन्याला टवका आहे का, आणि शेवटची रक्कम. एका प्रकाराच्या पंधरा-वीस नोंदी झाल्याशिवाय घ्यायचं नाही. कंटाळवाणं काम आहे, पण मी हे पहिल्या दिवसापासून केलं असतं तर वरचा किस्सा लिहायला लागला नसता. मीन्याचा एक टवका, अगदी तिळाएवढा असला तरी, भाव पाव ते निम्म्याने उतरतो. दुरुस्त केलेला मीना मला त्याहून नको वाटतो.

खरा खर्च मोजायचा तर लिलावात हातोडा १०० युरोवर पडला असं धरा. लिलावघराचं कमिशन २५ टक्के असेल तर १२५. ट्रॅकिंगवालं पोस्ट २५, झाले १५०. युरो शंभर रुपयांना धरला तर १५ हजार रुपये, आणि कस्टम ड्यूटी अजून यायचीय. त्यामुळे एकेक नग मागवू नका, त्याच विकणाऱ्याकडून तीन-चार घेऊन एकत्र पाठवायला सांगा. पाकिटावर किंमत कमी दाखवा किंवा गिफ्ट लिहा असं सांगायचा मोह होतो, करू नका. पाकीट हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच मिळते, आणि कस्टमवाल्यांनी नेटवर भाव बघितला तर पुढचं तुम्ही आणि ते. इन्व्हॉइसवर धातू, साल आणि संग्रहाची वस्तू हे स्पष्ट लिहून घ्या. तिकडून निघतानाही बघा, त्या देशांत सांस्कृतिक वारशाच्या वस्तू बाहेर न्यायला परवानगी लागते, मोठा नग असेल तर परवाना कोण काढणार ते पैसे द्यायच्या आधी ठरवा.

जुनी सर्बियन पदकं घेणाऱ्यांसाठी एक. आपल्या १९७२ च्या कायद्यात शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू धरतात आणि ती देशाबाहेर पाठवणं सोपं नाही. म्हणजे १९१५ चा श्वेत गरुड तुम्ही आणलात आणि उद्या परत तिकडे विकायचा म्हटलं तर अडकाल. आयात केल्याचे कागद जन्मभर जपा.

घरी आणल्यावर

पितांबरी नाही, चिंच नाही, टूथपेस्ट नाही, रांगोळी तर नाहीच. काळपट चढलेला थर हा वयाचा दाखला आहे, तो घासलात की निम्मं गिऱ्हाईक गेलं. मऊ ब्रशने धूळ झटका, घामाचा हात लागला तर सुती कपड्याने पुसा, बस. नाण्यांची ती मऊ प्लास्टिकची पाकिटं वापरू नका, त्यातून चिकट हिरवट थर धरतो, विशेषतः आपल्या पावसाळ्यात. मी कडक प्लास्टिकची डबी, आत आम्लरहित कागद आणि सिलिका जेलच्या पुड्या असं ठेवतो, जून ते सप्टेंबर पुड्या महिन्याला बदलतो, कोकणात असाल तर पंधरवड्याला. बॉक्स आणि कागद पदकापासून वेगळे ठेवा, जुन्या बॉक्सच्या आतलं कापड आणि गोंद चांदी काळी करतात. कागद लॅमिनेट करणाऱ्याशी मी बोलत नाही.

प्रत्येक डबीच्या खाली एक चिठ्ठी असते, काय आहे, कुठून घेतलं, कितीला, नंबर काय, आणि विकायचं झालं तर आधी कोणता कागद शोधायचा. बायकोला यातलं काही वाचायचं नाहीये, पण चिठ्ठ्या कुठे आहेत ते तिला माहितेय. लुब्लियानाचा तारा एक नंबरच्या डबीत आहे, उलटा ठेवलेला.